टिळकांचे बॅरिस्टर ते लॉर्ड चान्सलर : जॉन सायमन मंत्री कसे झाले?

प्रश्न असा आहे : सायमन कमिशनचे अध्यक्ष जॉन सायमन आणि लंडनमध्ये लोकमान्य टिळकांचा दावा चालवणारे सायमन एकच का? आणि एकच असतील, तर कोर्टात उभा राहणारा माणूस तिथे गृहमंत्री, परराष्ट्रमंत्री, अर्थमंत्री अशी खाती घेत वर कसा गेला?

एकच. १९१९ मध्ये त्यांनी टिळकांची बाजू मांडली आणि १९२८ मध्ये मुंबईच्या बंदरावर काळे झेंडे त्यांनाच पाहावे लागले. आपल्याकडे हे दोन सायमन वेगवेगळ्या धड्यांत येतात, म्हणून गोंधळ होतो. त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी त्या काळची शिडी पाहावी लागेल.

बॅरिस्टर व्हायला लंडनमधल्या वकिलांच्या चार संस्थांपैकी, म्हणजे 'इन'पैकी, एकात नाव घालायचे. वर्षाला चार टर्म, अशा बारा टर्म भरायच्या. टर्म भरणे म्हणजे तिथल्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येने जेवणे. विद्यापीठात शिकणाऱ्याला टर्ममागे तीन जेवणे पुरत, इतरांना सहा. शिवाय परीक्षा. सायमन १८९९ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले. गांधीजींनी १८९१ मध्ये सनद घेतली ती याच इनची. सायमन यांचे वडील मँचेस्टरमध्ये काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक होते, म्हणजे घरचा पैसा नाही आणि जमीनजुमलाही नाही. शाळा शिष्यवृत्तीवर, मग ऑक्सफर्डचे वॉडम कॉलेज, तिथल्या युनियनचे अध्यक्षपद आणि १८९७ मध्ये तिथल्याच ऑल सोल्स कॉलेजची फेलोशिप. या फेलोशिपला कमी लेखू नये. नव्या बॅरिस्टरची पहिली तीन-चार वर्षे बहुधा रिकामी जातात. पक्षकार थेट त्याच्याकडे येऊ शकत नाही, सॉलिसिटरने, म्हणजे पक्षकाराशी थेट व्यवहार करणाऱ्या वकिलाने, ब्रीफ (खटल्याचे काम) पाठवली तरच काम. आणि सॉलिसिटर अनोळखी माणसाला ब्रीफ का पाठवील? तोवर फेलोशिपमुळे घरभाडे भरायला काहीतरी हाती लागते, आणि ते नसल्यामुळे हुशार माणसेही गळतात.

दुसरा धोका 'सिल्क' घेताना, म्हणजे किंग्ज कौन्सेल (केसी) ही ज्येष्ठ वकिलाची पदवी घेताना असतो. ज्युनियर असताना कैफियती लिहिणे, लेखी सल्ला देणे या कामांवर घर चालते. किंग्ज कौन्सेल झाले की ते काम सुटते. त्या काळी केसीला सोबत ज्युनियर घेतल्याशिवाय उभे राहता येत नसे आणि ज्युनियरची फी साहेबांच्या फीच्या दोनतृतीयांश असे. म्हणजे केसीला नेमायचे तर पक्षकाराला दोघांचा खर्च. नाव पुरेसे मोठे नसताना सिल्क घेतलेले कितीतरी बॅरिस्टर वर्षभरात रिकामे बसले. सायमन यांनी सनदेनंतर नवव्याच वर्षी, १९०८ मध्ये, सिल्क घेतले आणि ते तरले. एक तर १९०३ च्या अलास्का सीमा लवादात ते ब्रिटिश बाजूच्या वकिलांत होते. दुसरे, १९०६ पासून ते वॉल्थमस्टोचे लिबरल खासदार होते.

खासदारकी आणि वकिली एकत्र कशी चालायची? कोर्ट सकाळी, पार्लमेंट दुपारनंतर, आणि दोन्हींमधले अंतर पायी जाण्याइतके. १९११ पर्यंत खासदाराला पगारच नव्हता. त्या वर्षी वार्षिक ४०० पौंड सुरू झाले. त्यामुळे स्वतःची मिळकत नसलेल्या मध्यमवर्गीय माणसाला राजकारणात शिरायचे तर वकिलीइतकी सोयीची दुसरी वाट नव्हती. सभागृहात वकिलांची गर्दी का असे, याचे अर्धे उत्तर या वेळापत्रकात आहे.

खरी पायरी त्यापुढची : सरकारचे दोन कायदा अधिकारी, सॉलिसिटर जनरल आणि त्याच्या वरचा अ‍ॅटर्नी जनरल. आपल्याकडचे याच नावाचे अधिकारी मंत्री नसतात. तिथे मात्र ते सत्ताधारी पक्षाचे राजकारणी असतात आणि सरकार गेले की तेही जातात. १८९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांना खासगी वकिली बंद होती. पण पगार भरभक्कम होता : अ‍ॅटर्नी जनरलला वर्षाला ७ हजार पौंड, सॉलिसिटर जनरलला ६ हजार, आणि वर सरकारी खटल्यांची फी. गृहमंत्र्याला ५ हजार. म्हणजे अ‍ॅटर्नी जनरलने गृहमंत्री होणे ही प्रतिष्ठेत बढती आणि खिशात घट.

सायमन ऑक्टोबर १९१० मध्ये सॉलिसिटर जनरल झाले, वय ३७. लगेच पोटनिवडणूक लढवावी लागली. खासदाराने सरकारी पद घेतले की जागा रिकामी होते आणि त्याने पुन्हा मतदारांपुढे जायचे, असा तेव्हा नियम होता. तो १९१९ मध्ये सैल झाला आणि १९२६ मध्ये पुरता गेला. काठावरच्या मतदारसंघातल्या माणसाला चांगला वकील असूनही हे पद देताना पंतप्रधान कचरत, ते यामुळे. वॉल्थमस्टो टिकले. १९१२ मध्ये टायटॅनिकच्या चौकशीत लॉर्ड मर्सी यांच्यापुढे व्यापार मंडळाच्या वतीने अ‍ॅटर्नी जनरल रूफस आयझॅक्स उभे होते आणि त्यांच्यासोबत सायमन. हेच आयझॅक्स पुढे लॉर्ड रीडिंग या नावाने भारताचे व्हाइसरॉय झाले. १९१३ मध्ये ते सरन्यायाधीशपदी गेले आणि त्यांच्या जागी सायमन अ‍ॅटर्नी जनरल झाले, तेही मंत्रिमंडळातल्या खुर्चीसह. या वेळी पोटनिवडणूक नाही, कारण एका पदावरून दुसऱ्या पदावर जाणाऱ्याला सूट होती.

आता सायमन यांच्या स्वभावाविषयी माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ते ताडून पाहता येईल. ब्रीफ हातात आली की त्यांच्याइतका नेटका माणूस इंग्लंडात क्वचितच सापडला असता. ब्रीफ कोणती घ्यायची हे स्वतः ठरवायची वेळ आली की मात्र ते अडखळत. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धात उतरण्याला विरोध म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी समजावल्यावर मागे घेतला. मोर्ले आणि बर्न्स हे दोन मंत्री खरोखरच गेले. मे १९१५ मध्ये त्यांना लॉर्ड चान्सलरपद, म्हणजे मंत्रिमंडळात बसणाऱ्या सर्वोच्च न्यायाधीशाचे पद, देऊ केले गेले. वर्षाला १० हजार पौंड, पण एकदा उमरावांच्या सभागृहात गेले की कॉमन्सचे राजकारण संपले. त्यांनी नकार देऊन गृहखाते घेतले. जानेवारी १९१६ मध्ये अविवाहित पुरुषांवर सक्तीची लष्करभरती आली, तेव्हा मात्र त्यांनी राजीनामा दिला आणि तो दिलाच. ४२ वर्षांच्या माणसाने तत्त्वासाठी गृहखाते सोडले, याचे श्रेय द्यायलाच हवे. परतायला कोर्ट होते, हेही तितकेच खरे.

डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत ते पडले. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, २९ जानेवारी १९१९ ला, लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात टिळक विरुद्ध चिरोल हा अब्रुनुकसानीचा दावा उभा राहिला.

पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या असंतोषावर 'टाइम्स'मध्ये लेखमाला लिहिली आणि मग तिचे पुस्तक केले. गोरक्षण सभा, आखाडे आणि त्यांसाठी उकळलेल्या वर्गण्या, ताईमहाराज प्रकरण, रँडचा खून, नाशिकच्या जॅक्सनचा खून, या सगळ्यांशी टिळकांचा संबंध त्यात जोडला होता. जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी डिसेंबर १९०९ मध्ये गोळी झाडली तेव्हा टिळक मंडालेत होते. ताईमहाराज प्रकरणात खोटी साक्ष दिल्याबद्दल त्यांना झालेली शिक्षा मुंबई हायकोर्टाने १९०४ मध्ये रद्द केली होती आणि दत्तकाचा मूळ दावा प्रिव्ही कौन्सिलात १९१५ मध्ये त्यांच्या बाजूने लागला होता. कागदावर पाहिले तर वादीची बाजू लंगडी मुळीच नव्हती.

मग दावा फसला कुठे? प्रतिवादींनी 'लिहिले ते खरे आहे' असा बचाव घेतला. या बचावात वादीची सारी हयातच पुराव्याला येते, कारण ज्याची अब्रू गेली म्हणता ती आधी होती किती, हे ज्यूरीने ठरवायचे असते. चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन उभे होते, उलटतपासणीतले त्या काळचे सर्वांत धारदार पाते. १८९७ आणि १९०८ अशा राजद्रोहाच्या दोन शिक्षा त्यांच्या हातात आयत्याच होत्या. 'केसरी'तले उतारे इंग्रजी भाषांतरात ज्यूरीपुढे आले. मराठी वाचकाला जी वक्रोक्ती कळते, ती लंडनच्या व्यापाऱ्या-कारखानदारांच्या विशेष ज्यूरीला भाषांतरातून कळणार कशी? बरीचशी साक्ष हिंदुस्थानात कमिशनवर नोंदवलेली होती, म्हणजे ज्यूरीला ती माणसे दिसलीच नाहीत, दिसले ते फक्त टिळक पिंजऱ्यात. वातावरणही बघा. रौलट समितीचा अहवाल आदल्या वर्षीचा, त्याचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्यातल्या कटांवर, आणि खटला चालू असतानाच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, दिल्लीत रौलट विधेयके मांडली गेली. न्यायमूर्ती डार्लिंग हे स्वतः हुजूर पक्षाचे माजी खासदार. त्यांचे ज्यूरीला केलेले निवेदन टिळकांना अनुकूल नव्हते. २१ फेब्रुवारीला निकाल लागला : दावा खर्चासह फेटाळला.

यातला एक विरोधाभास चुकवू नये. राजद्रोहावरून टिळकांना घेरणारे कार्सन हे १९१३ मध्ये पार्लमेंटच्या आयर्लंडविषयक होमरूल विधेयकाविरुद्ध तिथल्या अल्स्टरमध्ये हजारोंचे स्वयंसेवक दल उभे करणारे पुढारी. त्यांच्यावर खटला भरावा का, यावर सायमन अ‍ॅटर्नी जनरल असलेल्या सरकारात खल झाला होता. भरला मात्र नाही. सायमन यांनी टिळकांचे काम वाईट केले असे मला वाटत नाही. वकील बदलून तो निकाल बदलला असता, असे दिसत नाही. मुळात लंडनच्या ज्यूरीपुढे जाण्याचा निर्णयच महागात पडला.

१९२२ मध्ये सायमन स्पेन व्हॅलीतून सभागृहात परतले. मे १९२६ च्या सार्वत्रिक संपात, ६ तारखेला, त्यांनी कॉमन्समध्ये भाषण केले : हा संप कामगार तंट्यांविषयीच्या १९०६ च्या कायद्याच्या संरक्षणात बसत नाही, नोटीस न देता काम सोडणारा प्रत्येक कामगार करारभंगाबद्दल जबाबदार आहे आणि संप पुकारणारे पुढारी नुकसानभरपाईपोटी शेवटच्या दमडीपर्यंत देणे लागतात. कामगार संघटनांना धडकी भरली. ११ मे रोजी न्यायमूर्ती अ‍ॅस्टबरी यांनीही तसेच मत दिले. कायदा म्हणून ते बरोबर होते का? माझ्या मते नव्हते. वाद मालक-कामगारांचा होता आणि सहानुभूतीचा संप १९०६ च्या शब्दांत बसवता येत होता. गुडहार्ट यांच्यासारख्या कायदेपंडिताने लगेच टीका केली. आणि सरकारलाही १९२७ मध्ये असे संप बेकायदा ठरवणारा वेगळा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावे.

त्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांनी चालती वकिली सोडली. इंग्लंडातल्या सर्वाधिक मिळकतीच्या वकिलांपैकी ते एक होते. सोडली ती कमिशनसाठी. नेमणूक करणारे भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड म्हणजे एफ. ई. स्मिथ, वॉडम कॉलेजातले त्यांचे सोबती, त्याच वर्षी बॅरिस्टर झालेले, आणि लॉर्ड चान्सलर होऊन गेलेले. १९१९ च्या कायद्यात दहा वर्षांनी कमिशन नेमायचे होते. निवडणूक होऊन मजूर पक्षाच्या हाती नेमणूक जाऊ नये म्हणून बर्कनहेड यांनी ते दोन वर्षे अलीकडे ओढले. सात सदस्य, सातही ब्रिटिश खासदार. त्यांत क्लेमंट अ‍ॅटली, तेही इनर टेंपलचेच बॅरिस्टर.

३ फेब्रुवारी १९२८ ला कमिशन मुंबईत उतरले. 'सायमन गो बॅक' ही घोषणा मुंबईच्या युसुफ मेहेरअली यांची मानली जाते. सायमन यांनी तोडगा काढला तो अस्सल वकिली : ६ फेब्रुवारीला व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून कमिशन आणि हिंदी विधिमंडळांच्या समित्या यांची संयुक्त परिषद सुचवली, दोघांनी मिळून साक्षी घ्यायच्या. बैठकीची मांडणी बदलली. पण तक्रार होती ती निकाल लिहिणाऱ्यांत एकही हिंदी माणूस नाही, ही. ती मिटली नाही. सप्रूंसारखे नेमस्तही बाहेर राहिले. एका पक्षाने हजर राहायलाच नकार दिल्यावर चाललेली ती एकतर्फी सुनावणी होती. ही ब्रीफ अशा अटींवर घेऊ नये, हे सायमन यांना घेतानाच कळायला हवे होते.

तरीही पुण्यातली २३ ऑक्टोबर १९२८ ची बैठक मूळ नोंदींतून वाचावी. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. आंबेडकर आणि डॉ. सोळंकी यांची साक्ष तेव्हा झाली. निवेदनात मुंबई विधिमंडळाच्या १४० पैकी २२ जागा अस्पृश्यांसाठी राखीव मागितल्या होत्या. प्रौढ मतदान मिळत असेल तर राखीव जागा, नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ. अस्पृश्य वर्ग हिंदूंपासून वेगळा अल्पसंख्य गट मानावा, ही भूमिका तिथे थेट मांडली गेली. इथे दोन बॅरिस्टर समोरासमोर आहेत : एक इनर टेंपलचा, एक ग्रेज इनचा. प्रश्न व्याख्येचा, आकड्यांचा, मताधिकाराच्या अटींचा. अशा कामात सायमन खुलत असत. पण अहवालात शिफारस झाली ती राखीव जागांची, आणि त्यातही उमेदवाराला गव्हर्नरने लायकीचा दाखला देण्याची अट घालून. आंबेडकरांना ती पटणे शक्यच नव्हते.

अहवाल जून १९३० मध्ये आला, दोन खंडांत. प्रांतांतली द्विदल पद्धत काढा, ब्रह्मदेश वेगळा करा, हे त्यातले पुढे १९३५ च्या कायद्यात उतरले. पण आयर्विन यांनी ऑक्टोबर १९२९ मध्येच वसाहतींच्या स्वराज्याची घोषणा करून टाकली होती, आणि अहवालात त्या शब्दाचा उल्लेख नव्हता. छापून येतानाच तो जुना झाला. गोलमेज परिषदेला सायमन यांना बोलावलेही नाही.

नोव्हेंबर १९३१ ते जून १९३५ परराष्ट्रखाते. इथे त्यांचा गुण हाच दोष ठरला. परराष्ट्रमंत्र्याने दोन्ही बाजू नीट मांडून दाखवल्या, तर ऐकणाऱ्याला त्याची बाजू कुठली हेच कळत नाही. डिसेंबर १९३२ मध्ये राष्ट्रसंघात, जपानने चीनकडून बळकावलेल्या मांचुरियावर ते बोलले, तेव्हा जपानचे मात्सुओका खूश होऊन गेले : मी दहा दिवस जे सांगायला धडपडत होतो ते यांनी अर्ध्या तासात सांगितले, असा त्यांचा अभिप्राय होता. न्याय मागणारा चीन होता.

पुढची दोन खाती थोडक्यात. १९३५ ते १९३७ पुन्हा गृहमंत्री. ऑक्टोबर १९३६ मध्ये लंडनच्या केबल स्ट्रीटवर फॅसिस्ट पुढारी मोस्लेच्या काळे सदरे घालणाऱ्या अनुयायांवरून दंगल झाली आणि वर्षअखेर सायमन यांनी राजकीय गणवेशांवर बंदी घालणारा पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्ट आणला. मुद्देसूद, टिकाऊ कायदा. काम ठरलेले होते, मसुदा हवा होता. १९३७ पासून अर्थमंत्री. आयकराचा मूळ दर १९३८ मध्ये पौंडाला ५ शिलिंग ६ पेन्स आणि सप्टेंबर १९३९ च्या युद्धकालीन अर्थसंकल्पात ७ शिलिंग. चेंबरलेन यांच्या हिटलरशी जुळवून घेण्याच्या धोरणाचे ते आतल्या गोटातले पाठीराखे होते, आणि नाव काळवंडले ते मुख्यतः त्यामुळे.

मे १९४० मध्ये चर्चिल यांनी त्यांना युद्धमंत्रिमंडळाबाहेर ठेवून लॉर्ड चान्सलर केले. पंचवीस वर्षांपूर्वी नाकारलेले पद. आदल्या महिन्यात विमानातून उडी मारून आलेल्या, हिटलरचा उजवा हात असलेल्या रुडॉल्फ हेसची मुलाखत घ्यायला जून १९४१ मध्ये तेच गेले, 'डॉ. गथ्री' हे खोटे नाव लावून. पण या पाच वर्षांतली खरी कमाई निकालपत्रांची. वाचायची तर दोन. नोक्स विरुद्ध डॉन्कास्टर कोळसा कंपनी, १९४० : कंपन्या विलीन झाल्या म्हणून कामगाराचा नोकरीचा करार त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाकडे जात नाही. आणि डंकन विरुद्ध कॅमेल लेअर्ड, १९४२ : बुडालेल्या 'थेटिस' पाणबुडीचे नकाशे मागणाऱ्या वारसांना सरकारने नकार दिला, तो मंत्र्याने योग्य रीतीने घेतला असेल तर कोर्टाने मान्य करायचा. आपल्या जुन्या पुरावा कायद्याच्या (जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला) कलम १२३ वर वाद झाला की हे नाव यायचेच. सोधी सुखदेव सिंग प्रकरणात १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची चर्चा केली आहे. इंग्लंडात १९६८ च्या कॉनवे विरुद्ध रिमर निकालाने ते मोडीत निघाले. आज वकिलाने ते आधार म्हणून देऊ नये, इतिहास म्हणूनच द्यावे.

जुलै १९४५ मध्ये सरकार बदलले आणि सायमन यांचे पद गेले. नवे पंतप्रधान होते त्यांच्याच कमिशनचे सदस्य अ‍ॅटली. सायमन ११ जानेवारी १९५४ ला वारले.

ही शिडी आज तशी उरलेली नाही. २००५ च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने लॉर्ड चान्सलरचे न्यायाधीशपण काढले. २०१२ मध्ये ख्रिस ग्रेलिंग त्या पदावर आले, ते वकीलच नव्हते. खासदारकीसोबत भरगच्च वकिली करणे आता जमत नाही : सभागृहाचे कामकाज, मतदारसंघ आणि समित्या यांतच दिवस जातो. म्हणून क्रम उलटला आहे. आधी वकिली पुरी करायची, मग राजकारण. कीर स्टार्मर १९८७ मध्ये बॅरिस्टर झाले, २००२ मध्ये सिल्क, २००८ ते २०१३ सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख, खासदार २०१५ मध्ये, पंतप्रधान २०२४ मध्ये. आणि त्यांनी नेमलेले अ‍ॅटर्नी जनरल रिचर्ड हर्मर हे कधी खासदार नव्हतेच. चेंबरमधून थेट उमराव करून त्यांना मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसवले.